डोकं किती वेळात दुखायला लागलं?

फेब्रुवारी २०११. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचं चित्रीकरण आटोपलं होतं, प्रक्षेपण व्हायचं होतं. त्यातली चोवीस वर्षांची अभिनेत्री एमिलिया क्लार्क उत्तर लंडनमधल्या एका जिममध्ये व्यायाम करत असताना तिच्या डोक्यात असह्य कळ उठली. सरपटत ती कशीबशी स्वच्छतागृहापर्यंत पोहोचली. उलट्यांवर उलट्या झाल्या. शुद्ध हरपू नये म्हणून ती हातापायांची बोटं हलवत राहिली, मालिकेतले संवाद आठवत राहिली. रुग्णालयात सुरुवातीला कुणालाच काही उमगेना. अखेर स्कॅन झाला आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटल्याचं कळलं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. हे सगळं तिने २०१९ मध्ये स्वतःच लिहिलं.

हा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, बहुधा मेंदूच्या तळाशी, रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथे तयार होतो. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं. म्हणूनच हे दुखणं हळूहळू चढत नाही, मिनिटभरात टोकाला जातं. फुटलेल्या जागी बसलेली गुठळी हे तात्पुरतं बूच. पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते, आणि तो दुसरा रक्तस्राव अनेकदा जीवच घेतो.

आपल्याकडे हे तास कुठे जातात? ‘पित्ताने डोकं उठलं असेल’ म्हणून बाम आणि लिंबू-सरबत. उपवास असेल तर तो सोडायचा आग्रह. मान आखडली तर ‘उशी चुकली’. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन. बीपी मोजलं तर ते वाढलेलं निघतं, मग सगळं खापर बीपीवर फोडून पेशंट घरी. खरं तर मेंदूभोवतीच्या रक्तस्रावामुळेच ते चढलेलं असू शकतं.

ही चूक मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांकडूनही होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००४ साली अशा ४८२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ५६ जणांचं निदान पहिल्यांदा चुकलं होतं. मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी, हे त्यातलं सर्वांत जास्त वेळा सांगितलं गेलेलं चुकीचं निदान होतं, आणि चुकण्याचं मुख्य कारण सीटी स्कॅनच न करणं, हे होतं. मन विषण्ण करणारी बाब पुढेच आहे. ज्यांची शुद्ध पूर्ण शाबूत होती, म्हणजे ज्यांना वाचवण्याची संधी सर्वांत मोठी होती, त्यांचंच चुकलेल्या निदानाने मोठं नुकसान झालं.

वेळेवर सीटी केला तर काय होतं, हे कॅनडातल्या २०११ च्या अभ्यासाने दाखवून दिलं. डोकं दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत ज्यांचा स्कॅन झाला, त्यांच्यातला असा एकही रक्तस्राव सुटला नाही. पुढे मात्र रक्त विरघळत जातं, स्कॅनवर ते दिसेनासं होऊ लागतं. मग उशिराचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट पुरत नाही, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं.

उपचार तर आहेतच. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावणं १९३७ पासून होत आलं आहे. १९९० पासून मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुगा प्लॅटिनमच्या तारेने, म्हणजे कॉइलने, आतून भरता येतो. निमोडिपीन हे औषध तर दर चार तासांनी, २१ दिवस द्यायचं असतं. पण हे सगळं निदानानंतरचं.

त्यामुळे सरकारकडे मागणी करायची ती आधी जिल्हा रुग्णालयांसाठी. सीटीचं यंत्र असून रात्री तंत्रज्ञ नसेल, तर त्या यंत्राचा पेशंटला काडीचाही उपयोग नाही. स्कॅनची चित्रं लगेच मोठ्या शहरातल्या न्यूरोसर्जनपर्यंत पोहोचायला हवीत. १०८ ची गाडी थेट अशा रुग्णालयात जायला हवी, जिथे क्लिप आणि कॉइल दोन्ही होतं. या दारातून त्या दारात रेफर होत फिरायला पेशंटकडे वेळ नसतो. आणि कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर बीपी-नाडीच्या शेजारी एक रकाना हवा: दुखणं किती वेळात टोकाला गेलं? त्यासाठी बजेट लागत नाही, निविदा लागत नाही. आरोग्य खात्याला हा बदल एका परिपत्रकाने करता येईल.