उठल्या का महाराणी?

मैत्रिणींनो, चिंचवडला आमच्या इमारतीत पहाटे साडेचारलाच दिवे लागतात. फर्स्ट शिफ्टची कंपनीची बस गाठायची, तर डबा त्याआधी भरायला नको का? अशाच धांदलीत एकदा शेजारणीला उठायला जरा उशीर झाला, आणि यजमान म्हणाले, "उठल्या का महाराणी?" दुपारी हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मला मात्र वाटलं, बोलणाऱ्याला या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही!

राणी हा शब्द संस्कृत 'राज्ञी'पासून प्राकृतातून आपल्याकडे आला. 'राजन्'चं हे स्त्रीलिंगी रूप. लॅटिनमधली 'रेजिना' त्याच कुळातली, लांबची मावसबहीणच म्हणा ना! पुढे इंग्रज इथे आले आणि राणी, महाराणी हे शब्द त्यांनीही उचलले. त्यांच्या भाषेतही राणी म्हणजे राजाची बायको, आणि स्वतः राज्य करणारी स्त्रीसुद्धा. गंमत अशी, की त्यांच्या 'क्वीन'चा जुना अर्थ नुसता बाई किंवा बायको. आपल्या राणीच्या मुळाशी मात्र राज्य करणंच आहे, बरं का!

तसं राज्य पाहायचं तर महाराणी ताराबाई आठवा. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. मुलगा लहान. गादी त्याच्या नावाची, पण कारभार आईच्या हाती. औरंगजेबाशी त्यांनी झुंज चालू ठेवली ती १७०७ मध्ये तो मरेपर्यंत.

१९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता गेली, तनखेही गेले. आता राणी उरली ती घरातल्या लाडात, नाहीतर टोमण्यात. तेव्हा कुणी महाराणी म्हटलं, तर रडू नका, भांडूही नका. हसून म्हणा, "मग खजिना दाखवा बरं!" पगार किती, घराचा हप्ता किती, विम्याचे कागद कुठे, हे विचारून घ्या. बँकेच्या खात्यावर आणि घराच्या कागदांवर आपलंही नाव आहे का, तेही पाहा. ज्या राणीला तिजोरी ठाऊक नाही, ती कसली राणी?

शेजारणीने धीर करून विचारलं. यजमान दोन दिवस गप्प होते. रविवारी मात्र चहाच्या कपाशेजारी पासबुक आणून ठेवलं.