पुढचा कुणी उघडेल त्याच्यासाठी

माझ्या हँगरमध्ये एक विमान नाक टेकून बसलेलं असतं. लाँग-ईझी. इंजिन आणि पंखा शेपटीकडे, मुख्य पंख मागे आणि नाकाजवळ दोन छोटे पंख. या छोट्या पंखांना कनार्ड म्हणतात. आत पायलट नसेल तर इंजिनाच्या वजनानं ते मागे कलंडेल, म्हणून पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवून ठेवायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चाक मोडलंय.

हँगर कॅलिफोर्नियात तेहाचापीला आहे. घाट उतरला की मोहावी. तिथेच १९७९ मध्ये बर्ट रुटान यांचं हे विमान पहिल्यांदा उडालं. त्यांनी लोकांना विमान विकलं नाही, आराखडे विकले. फोमच्या ठोकळ्यातून तापलेल्या तारेनं पंखाचा आकार कापायचा, त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड चढवायचं आणि वाळलं की नाण्यानं टकटक करत फिरायचं. आवाज बद्द आला तर आत पोकळी राहिली. १९८५ मध्ये त्यांनी आराखडे विकणं बंद केलं. विमानं मात्र अजून उडतात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जातात, आणि जवळपास प्रत्येक मालक त्यात काहीतरी सुधारतो. मीही सुधारते आहे. माझं म्हणणं त्या सुधारण्याबद्दल आहे.

मी कोल्हापूरची. आबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची. सिलिंडर घासून मोठा केला की आबा नंबर-पंच घेऊन ब्लॉकवर नवीन माप ठोकत, मगच इंजिन बंद करत. गिऱ्हाईक घाई करायचं, पण त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "उद्या दुसरा कोण उघडंल, त्याला कळाय नको?"

हे विमान मी घेतलं तेव्हा मला या वाक्याची किंमत कळली. आराखड्यात ओ-२३५ हे ११५ अश्वशक्तीचं इंजिन आहे. माझ्या आधीच्या मालकानं त्याहून मोठं, जड इंजिन बसवलेलं होतं, त्याची नोंदही होती. पहिल्या हिवाळ्यात नाकाचं झाकण काढलं तर आत शिशाचे पत्रे बोल्ट करून ठेवलेले. कागदोपत्री कुठेही त्यांचा उल्लेख नाही. प्रत्येक किलो वाचवण्याच्या नादात मी होतेच, ते काढून टाकले. सुदैवानं उडण्याआधी मी विमान तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोललं. गुरुत्वमध्य परवानगीच्या मागच्या सीमेच्याही मागे गेला होता. ते शिसं मागच्या जड इंजिनाला तोलण्यासाठी होतं.

हा तोल एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. कोणताही पंख हवेला फार चढा कोन करू लागला की त्याची उचल कोसळते, त्याला स्टॉल म्हणतात. नेहमीच्या विमानात पायलटला याचीच सर्वांत जास्त भीती असते. रुटान यांनी पुढच्या छोट्या पंखाचा कोन असा ठेवला की उचल आधी त्याची जाते. नाक हळूच खाली येतं, वेग वाढतो, विमान पुन्हा उडू लागतं. मुख्य पंखावर ती वेळच येत नाही. ही सुरक्षितता कुठल्या यंत्रात नाही, ती भूमितीत आणि वजनाच्या जागेत आहे. वजन मागे सरकवा किंवा पुढचा पंख लांबवून त्याला जास्त ताकद द्या, क्रम उलटू शकतो. मग मुख्य पंख आधी स्टॉल होतो, विमान पोटावर सपाट खाली येत राहतं आणि काठी पुढे ढकलूनही नाक खाली येत नाही. म्हणजे ज्या विमानाची कीर्ती 'हे स्टॉल होत नाही' अशी आहे, तेच एका न लिहिलेल्या बदलानं त्या कीर्तीच्या उलट वागू शकतं.

मी बदलाच्या विरोधात नाही. खुद्द रुटान यांनी बदल केले. सुरुवातीच्या कनार्डचा आकार हवेच्या अगदी गुळगुळीत प्रवाहावर अवलंबून होता. पावसाचे थेंब चिकटले की उचल कमी होई आणि काही विमानांची नाकं खाली जात. त्यांच्यासाठी जॉन रॉन्झ यांनी पंखाचा नवा छेद काढला आणि पावसाचा प्रश्न मिटला. महत्त्वाचं हे की असे बदल 'कनार्ड पुशर' नावाच्या पत्रकातून क्रमांक देऊन बांधणाऱ्यांपर्यंत पोचत. कोणता ऐच्छिक, कोणता सक्तीचा, कोणता केल्याशिवाय विमान जमिनीवरून हलवायचं नाही, हे तिथे स्पष्ट असे. आराखडा सुधारला आणि नोंदही राहिली.

याउलट उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ चं आहे. गायक जॉन डेन्व्हर यांनी नुकतंच एक लाँग-ईझी विकत घेतलं होतं. आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला होता, इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये येऊ नयेत म्हणून. हेतू चांगला, विचार सुरक्षिततेचाच. पण तो फिरवायला पायलटनं पट्ट्यात अडकलेलं अंग वळवून उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा. अंग वळलं की उजवा पाय आपोआप रडरच्या, म्हणजे विमान वळवणाऱ्या पेडलवर दाबला जातो. व्हॉल्व्हच्या मुठीवर खुणा नव्हत्या, इंधनाच्या मापकांवरही नव्हत्या. डेन्व्हर यांच्या गाठीशी हजारो तासांचं उड्डाण होतं, या विमानाचं मात्र फारच थोडं. टाकीत इंधन कमी होतं, त्यांनी भरून घेतलं नाही. माँटेरेहून उडालेलं ते विमान पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळलं. चौकशी करणाऱ्या मंडळानं डेन्व्हर यांच्या तयारीतल्या उणिवांबरोबर व्हॉल्व्हच्या जागेलाही कारणांत धरलं.

ज्यानं तो व्हॉल्व्ह हलवला, त्याचा हात रोज तिथे जात असणार. त्याला ती जागा सवयीची. सुधारणा करणारा माणूस स्वतःच्या हाताच्या मापानं करतो, आणि विमान त्याच्यापेक्षा जास्त जगतं.

अमेरिकेचा कायदा इथे मोकळा आहे. घरी बांधलेल्या विमानावर कुणीही काम करू शकतं. मोठा बदल केला तर लॉगबुकात लिहायचं, किमान पाच तास एकट्यानं चाचणी उड्डाण करायचं. या मोकळेपणामुळेच माझ्यासारखी बाई एका हँगरमध्ये विमान सोलून पुन्हा बांधू शकते, तो मला हवाच आहे. पण 'मोठा बदल' म्हणजे काय, हे बहुतेकदा मालकच ठरवतो. शिशाचा पत्रा कुणाला मोठा वाटत नाही. म्हणून माझी मागणी आहे की असं विमान विकताना मूळ आराखड्यापासूनच्या प्रत्येक फरकाची यादी, नव्यानं केलेल्या वजनासकट, विक्रीच्या कागदांत सक्तीची असावी. यादी नाही, तर विक्री नाही. याला लोक कागदी घोडे म्हणतील. आबांचा पंचही गिऱ्हाइकाला तसाच वाटायचा.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ते हजारोंनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली. त्या बांधण्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण बांधण्याबरोबर नोंदही हवी. इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं दरवर्षी आधीच्या बॅचची गाडी किंवा ड्रोन उघडतात, आणि कुठली तार का बदलली हे सांगणारं कुणी नसतं. या गाड्या-ड्रोनच्या स्पर्धांत गुण देताना बदलाच्या वहीलाही गुण द्या, एवढं तरी परीक्षकांना करता येईल.

गेल्या महिन्यात माझा व्हॉल्व्ह मी आराखड्यातल्या जागी परत आणला. त्याआधी तो डाव्या बाजूच्या भिंतीवर होता, मला सोयीचा. मग शेजारच्या हँगरमधल्या सत्तरीच्या गृहस्थांना पट्टे बांधून आत बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, पाय न हलवता टाकी बदला. त्यांचा हात थेट मुठीवर गेला, पण त्यांनी ती भलतीकडे, 'बंद'वर फिरवली. मुठीचं टोक दोन्ही बाजूंना सारखंच लागत होतं. आता तिथे हाताला कळेल असा उंचवटा चिकटवला आहे. वहीत तारीख घालून लिहिलं आहे, आणि पुढच्या शनिवारी मी दुसऱ्या कुणाला तरी डोळे मिटून बसवणार आहे.