भाड्याच्या चावडीवर आणखी किती दिवस?

हिंगोली जिल्ह्यातील चावड्या ओस पडल्या, असे म्हणण्याची एक प्रथाच पडून गेली आहे. हे अर्धसत्य आहे. चावडी ओस पडलेली नाही. ती उचलून मोबाइलच्या पडद्यावर नेऊन ठेवण्यात आली आहे. वसमतच्या हळद बाजारातला अडत्या असो, कळमनुरीचा शिक्षक असो, की सेनगावचा पदवीधर तरुण शेतकरी असो, देशात काय घडले, नवे तंत्रज्ञान कोणाची रोजीरोटी हिरावणार, कोणते वाण पेरावे, कोणत्या पक्षाने कोणाला फसवले, या साऱ्याचा ऊहापोह आता व्हॉट्सॲपच्या समूहांत चालतो. पहाटे सुविचार, दुपारी संताप आणि रात्री विनोद असा हा नित्यक्रम झाला आहे. त्यात भाग घेणाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटते की आपण सार्वजनिक चर्चेत सहभागी आहोत.

या समजुतीला एक साधी कसोटी लावून पाहावी. गेल्या दिवाळीत एखाद्या समूहात कोणी काय दावा केला, तो कोणी खोडून काढला आणि अखेर काय निष्पन्न झाले, हे आज कोणाला दाखवता येईल काय? शेजारच्या समूहात त्याच विषयावर काय बोलले गेले, ते यांना ठाऊक आहे काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. जी चर्चा शेजाऱ्याला ऐकू जात नाही आणि जिची नोंद उरत नाही, तिला फार तर कुजबुज म्हणता येईल. आणि कुजबुजीचा स्वभाव या महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिला आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या आधीच मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. पिढ्यानपिढ्या दारोदार नाथांचे नाव घेत फिरणाऱ्या माणसांना या समाजाने ओळखलेही नाही. जिथे गावाने विचारपूस करायची, साक्ष काढायची, त्या चावडीच्याच खोलीत हे घडले, याचा अर्थ लावण्यास फार पांडित्य लागत नाही. खरी चावडी खिळखिळी झाली होती आणि खोट्या चावडीवर ‘थांबा, हे खरे आहे काय?’ असे सर्वांसमक्ष विचारण्याची सोयच नव्हती.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. उपाय कोणी ठरवला? ना धुळ्याने, ना मुंबईने. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरते जाहीर केले की यापुढे एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. कोट्यवधी भारतीयांनी एकमेकांशी किती बोलावे, हा आकडा कॅलिफोर्नियात बसलेल्या एका कंपनीने ठरवला. तो आकडा योग्य होता की अयोग्य, हा मुद्दाच नाही. घर भाड्याचे असले की खिळा ठोकायलाही मालकाची परवानगी लागते, हा मुद्दा आहे. ही सेवा फेसबुकने २०१४ मध्ये विकत घेतली. २०२१ च्या जानेवारीत तिने नवे गोपनीयता धोरण आणले आणि वापरकर्त्यापुढे ‘मान्य करा’ याखेरीज पर्याय ठेवला नाही. त्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिले वगैरे पुढे झालीच. या सर्व काळात आपल्याकडचा एकही समूह हलला नाही.

यावर अनेक कार्यकर्त्यांचे तयार उत्तर असते की स्वदेशी ॲप आणा. भावना उत्तम आहे, निदान मात्र अपुरे आहे. ‘कू’चे उदाहरण ताजे आहे. २०२० मध्ये बंगळुरूत सुरू झालेले हे ॲप त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत गौरवले गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटला, तेव्हा मंत्री, नेते, कलावंत यांनी तिथे धाव घेतली. कार्यकर्त्यांनीही उत्साहाने खाती उघडली. पण जुलै २०२४ मध्ये भांडवलाअभावी आणि विक्रीची बोलणी फिसकटल्यामुळे संस्थापकांनी गाशा गुंडाळला. मालक भारतीय होते, हेतू चांगला होता, मराठीसह भारतीय भाषांची सोयही होती. तरी लिहिणाऱ्यांच्या हाती काय उरले? मालक बदलला म्हणून भाडेकरूचा घरमालक होत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये मिटले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, ‘कू’ २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढच्या दारात उभे राहायचे, हा स्वाभिमान खचितच नव्हे.

मग दुसरा मार्ग कोणता? तो अपरिचित नाही. हिंगोलीचा चहावाला तो रोज वापरतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये एका कंपनीचे ॲप असते, चहावाल्याकडे दुसऱ्या कंपनीचे, दोघांच्या बँकाही निराळ्या. तरी पैसे जातात. कारण २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचे नियम सर्वांना समान आहेत. ईमेलचेही तसेच आहे. रेडिफवरचा माणूस जीमेलवरच्या माणसाला पत्र पाठवतो आणि त्यासाठी दोघांना एकाच मालकाच्या दारी जावे लागत नाही. हेच तत्त्व सार्वजनिक संभाषणाला लावले की विकेंद्रित समुदाय उभा राहतो. ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाची सामायिक नियमावली डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. ऑयगेन रोच्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये ‘मॅस्टोडॉन’ सुरू केले होते. ते आज याच नियमांवर चालते. कोणतीही संस्था, महाविद्यालय वा गाव आपला स्वतंत्र सर्व्हर मांडू शकते, आपले शिस्तीचे नियम ठेवू शकते आणि तरीही जगभरातल्या इतर सर्व्हरवरच्या मंडळींशी बोलू शकते. एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीचे जाळे चालू राहते. एखादा सर्व्हर दुर्वर्तनी निघाला तर इतर त्याच्याशी संबंध तोडतात. बहिष्काराचा अधिकार ज्याच्या त्याच्या हाती असतो.

फ्रान्सच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये ‘मेट्रिक्स’ या खुल्या नियमावलीवर स्वतःची संदेशसेवा उभारली. युरोपीय संघाने कायदा करून व्हॉट्सॲपला आपली दारे इतर संदेशसेवांसाठी उघडण्यास भाग पाडले. भारतात २०२५ च्या अखेरीस झोहोच्या ‘अरत्ताई’चा बोलबाला झाला, तेव्हा खुद्द श्रीधर वेंबू यांनीच म्हटले की संदेशसेवा यूपीआय आणि ईमेलप्रमाणे परस्परांशी जोडलेल्या असाव्यात. ‘अरत्ताई’ उतरवून घेणाऱ्या किती स्वदेशीप्रेमींनी हे वाक्य वाचले असेल?

मराठी माणसाला हे सारे नवे वाटावे, हेच खरे आश्चर्य. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील मराठी कुटुंबे ‘सॉक कल्चर इंडियन मराठी’ या यूजनेट समूहावर रोमन लिपीत मराठी लिहून तावातावाने वाद घालीत. यूजनेटला मालक नव्हता. विद्यापीठाविद्यापीठांतील संगणक एकमेकांना मजकूर पोचवीत. पुढे गूगलने त्याचा जुना संग्रह विकत घेऊन आपले दार लावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते दार बंदही केले. यूजनेट मात्र इतर दारांतून चालूच राहिले. १९९६ पासून चालत आलेली ‘मायबोली’ अशी विकेंद्रित नसली तरी मराठी माणसांनी स्वतःच्या बळावर उभी केली आणि अनेक बड्या विदेशी सेवांहून अधिक काळ टिकवली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तर प्रत्येक वाक्याचा इतिहास उघडा असतो. कोणी लिहिले, कोणी बदलले, का बदलले, हे कोणालाही तपासता येते.

एक आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो, तो उघडपणे मांडलेला बरा. ‘मॅस्टोडॉन म्हणजे डाव्यांचा अड्डा.’ ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले आणि निषेध म्हणून अनेक भारतीय तिकडे गेले, त्यांत त्या विचाराची मंडळी बहुसंख्य होती, हे खरे. राष्ट्रीय विचाराच्या गोटात तेव्हा त्याची टिंगल झाली. परंतु कंपनीच्या लहरीने खाती बंद पडण्याची तक्रार याच गोटानेही वारंवार केलेली आहे. विरोधक आधी पोचले म्हणून रस्ता विरोधकांचा होतो काय? आणि केवळ आपल्याच मताच्या माणसांत बसायचे असेल, तर मग चर्चेचा आव तरी कशाला?

ही वृत्ती हिंगोलीच्या मातीला तर मुळीच शोभत नाही. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटीने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा घराघरात ठाऊक आहे. नामदेव दुखावले. परंतु त्यांनी वेगळा मेळा काढला नाही, की गोरोबांना समूहातून काढून टाकले नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन परतले. पुढे तेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाल्या. ज्याला थापटी सोसली, त्याचाच शब्द परप्रांती गेला. व्हॉट्सॲपच्या समूहात थापटी कोण मारणार? मारलीच तर ‘ॲडमिन’ तिला अपमान समजतो.

आणि वारी? शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीकडे जाते. प्रत्येक दिंडीचा विणेकरी निराळा, शिस्त निराळी, मुक्कामाची सोय निराळी. तिथी, माळ आणि हरिपाठ मात्र सर्वांचा एक. लाखोंचा हा समुदाय शतकानुशतके चालतो आहे आणि त्याचा मालक कोण, हा प्रश्नच तिथे हास्यास्पद ठरतो. अभियंत्यांनी ज्याला विकेंद्रित जाळे म्हटले, त्याची समज या समाजाला उपजत आहे; फक्त ती पायांत राहिली, बोटांत उतरली नाही.

या जिल्ह्यापुरता हा प्रश्न आता अधिक निकडीचा होतो, कारण औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी २६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह अंतिम मंजुरी दिली. त्यानंतरच्या ११ मे रोजी कोनशिला बसवली गेली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेले हे यंत्र अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल टिपण्यासाठी आहे. अमेरिकेतील हॅनफर्डच्या अशाच वेधशाळेत २०१७ साली एक गूढ खडखडाट आढळला. शोध घेता नळ्यांवरचे बर्फ डोमकावळे टोचत असल्याचे निघाले! असे यंत्र शेजारी आले म्हणजे परिसरातील वाहने, यंत्रे, बांधकामे यांविषयी ग्रामस्थांना प्रश्न पडणारच, आणि ते पडलेच पाहिजेत. ते कुठे विचारले जाणार? बंद समूहात विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रज्ञाचे उत्तर येत नाही. तिथे उत्तर येते ते कोणीतरी पुढे ढकललेल्या चित्रफितीचे.

याउलट त्या विज्ञानाची रीत पाहावी. लायगोची निरीक्षणे ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुली होतात. २०१६ पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या उपक्रमात जगभरातील सामान्य नागरिक घरी बसून यंत्रातील गोंगाटाच्या आकृत्या वेगळ्या करतात, एकमेकांशी चर्चा करतात. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले काही प्रकार या हौशी मंडळींनी शोधले. पारव्यांच्या जोडीसारख्या दिसणाऱ्या एका आकृतीला त्यांनी दिलेले नावच पुढे रूढ झाले. त्यासाठी पदवीची अट नाही. औंढ्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आजही तिथे भाग घेऊ शकतो. तो तिथे जात नसेल, तर दोष नेटवर्कचा नाही. सहभाग म्हणजे पुढे ढकलणे, असे त्याला घरातील वडीलधाऱ्यांनीच शिकवले आहे.

खर्चाचे कारण पुढे करण्यात अर्थ नाही. लहान समुदायाला पुरेल असा सर्व्हर महिना काही शे रुपयांत भाड्याने मिळतो, आज्ञावली विनामूल्य आहे, आणि देवनागरीतील ‘.भारत’ हे पत्तानाम २०१४ पासून उपलब्ध आहे. यंत्र भाड्याचे असले तरी पत्ता आणि दप्तर स्वतःचे राहते. उद्या यंत्र बदलले तरी दोन्ही उचलून नेता येतात. खरी वानवा आहे ती जबाबदारी घेणाऱ्या माणसाची. रात्री-अपरात्री आलेली शिवीगाळ हटवणे, अफवा पसरवणाऱ्याला समज देणे, दप्तराची प्रत जपून ठेवणे, हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यात टाळ्या नाहीत. वर्षानुवर्षे शाखा, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे आणि पतपेढ्या चालवलेल्या समाजात अशी चार माणसे मिळू नयेत, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवेला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करावे लागते. या अटीने अनेक जण बिचकतात. वास्तविक गावाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी सोय आहे. तो अधिकारी हिंगोलीचा असेल तर त्याचे घर सर्वांना ठाऊक असते, बाजारात तो भेटतो, त्याला भर रस्त्यात जाब विचारता येतो. मेन्लो पार्कचे दार ठोठावायला कयाधूकाठचा कोण जाणार आहे?