लेननने स्वतःवर ओढवून घेतलं म्हणता?



रात्री जागून सेल्टिक-रेंजर्सचे सामने पाहणारे आपल्याकडेही आहेत. सेल्टिकचा माजी खेळाडू नील लेनन याच्या छळाचा विषय निघाला की त्यांच्यातच कुणीतरी हमखास म्हणतो, ‘लेनन होताच भांडखोर, त्याने ओढवून घेतलं.’ या वाक्याची आम्हाला चीड आहे.

मैदानावर तो तापट होता, कबूल. पण लर्गन गावात वाढलेला हा कॅथलिक मुलगा १९९४ पासून उत्तर आयर्लंडकडून खेळत होता. तेव्हा तो इंग्लंडमधल्या क्लबात होता. बेलफास्टच्या विंडसर पार्कवर प्रेक्षकांनी त्याला निमूट खेळू दिलं. डिसेंबर २००० मध्ये तो ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये गेला. आयरिश कॅथलिकांनी उभा केलेला हा क्लब, प्रोटेस्टंटांच्या रेंजर्सचा हाडवैरी. फेब्रुवारी २००१ मध्ये नॉर्वेविरुद्ध तो त्याच विंडसर पार्कवर उतरला, आणि चेंडू पायाला लागला रे लागला की हुर्यो! अंगात देशाचाच शर्ट, हुर्यो उडवणारे देशाचेच प्रेक्षक. स्वभाव तोच होता, खेळ तोच होता. मग त्याने ओढवून घेतलं ते काय?

ऑगस्ट २००२ मध्ये सायप्रसविरुद्ध तो देशाचं कर्णधारपद भूषवणार होता. सामन्याच्या काही तास आधी बेलफास्टच्या बीबीसीत निनावी फोन आला: लेनन खेळला तर त्याचं बरंवाईट होईल. तो घरी परतला आणि देशाकडून पुन्हा कधीच खेळला नाही. सामना मात्र त्याच संध्याकाळी झाला! कर्णधाराला जिवाच्या भीतीने घरी जावं लागतं आणि बाकीचे दहा-अकरा जण शिट्टी वाजताच खेळायला लागतात, याची लाज उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला वाटायला हवी होती.

२०११ मध्ये तो सेल्टिकचा प्रशिक्षक होता. टपालाने बंदुकीच्या गोळ्या आल्या, बॉम्बची पार्सलं आली. मे महिन्यात एडिनबराच्या टायनकॅसल मैदानावर एक प्रेक्षक कठडा ओलांडून थेट त्याच्या अंगावर धावून गेला. टीव्हीवर लाखोंनी ते पाहिलं. तरीही ज्यूरीने ठरवलं की हल्ल्याचा आरोप सिद्ध होत नाही. शिक्षा झाली ती शांतताभंगाची.

एकट्यादुकट्या प्रेक्षकाला पकडून हे थांबणार नाही. स्कॉटलंडने २०१२ मध्ये अशा प्रेक्षकांना शिक्षा करणारा कायदा करून पाहिला, २०१८ मध्ये तो रद्दही केला. क्लबाच्या खिशाला आणि गुणांना हात लागला पाहिजे. यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने २०१९ मध्ये पंथद्वेषी घोषणांबद्दल रेंजर्सला किमान ३,००० खुर्च्यांचा भाग बंद ठेवायला लावला. सेल्टिकलाही त्यांच्या प्रेक्षकांच्या घोषणांसाठी दंड झालेला आहे, आणि तोही योग्यच होता. युरोपात जे चालतं ते स्कॉटलंडच्या लीगमध्ये का नको? प्रेक्षकांनी कुणाच्या धर्मावरून घोषणा दिल्या, तर त्यांच्या क्लबाचे गुण कापा. खेळाडूला धमकी आली, तर सामना त्याच क्षणी रद्द करा.

आणि मित्रहो, तुमच्याकडेही एक मागणी. प्रेक्षकांची पंथद्वेषाची गाणी ‘नुसती गंमत’ म्हणून स्टेटसला ठेवू नका. ग्रुपवर कुणी टाकली, तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर विचारा की लेननने तुझं काय बिघडवलं होतं.