मामांचा पाइप

दर आठवड्याला या पानावर मी कसली ना कसली तक्रार घेऊन येतो, हे वाचकांच्या आता अंगवळणी पडले असेल. दिवाळीत मात्र कुरकुर करायची नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे. म्हणून आज माझ्या एका सुखाविषयी लिहायचे ठरवले आहे. ते सुख मी आता भोगत नाही, ही गोष्ट निराळी. पण सरलेल्या सुखाविषयी माणूस अधिक मोकळेपणाने बोलू शकतो.

हे सुख रात्रीच्या जेवणानंतर गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत पाइप ओढीत बसण्याचे. पायाशी मोत्या नावाचा कुत्रा आणि मांडीवर उपमा नावाची मांजर. मांजरीचे नाव मी अलंकारशास्त्रातून घेतले. पण सोसायटीतल्या मंडळींची पक्की समजूत अशी, की हिला सकाळच्या न्याहारीला उपमा लागत असावा. ‘शिरा नावाचा बोका कुठे असतो?’ असे आमच्या दूधवाल्याने एकदा गंभीर चेहऱ्याने विचारले होते. पंचवीस वर्षे भाषेची सेवा करायला निघालेल्या माणसाला अशी पावती मिळते!

आमच्या घराण्याला तंबाखूचे वावडे कधीच नव्हते. आजोबांच्या कोटाच्या खिशात तपकिरीची डबी असे. आजी सकाळी दातांवरून मिश्रीचे बोट फिरवल्याशिवाय कोणाशी बोलत नसे. गावाकडचे चुलत आजोबा चंची सोडून बसले, की ओसरीवर पंचायत भरलीच म्हणून समजावे. पाइप मात्र घराण्यात आणला तो मामांनी. मामा बोटीवर इंजिनियर होते. सात-आठ महिने समुद्रावर आणि उरलेले घरी. आणि घरी असले तरी पायाला भिंगरी. माझ्या एम. ए.च्या दोन वर्षांची फी त्यांनी भरली, आणि ‘मराठी घेऊन काय करणार?’ हा प्रश्न आख्ख्या आजोळात फक्त त्यांनी विचारला नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात मामा गेले. तेराव्यानंतर मामी म्हणाल्या, “बाळ, मी आता बंगळूरला लेकीकडे राहणार. दोन गोष्टी तुझ्या हवाली करते. नाही म्हणू नकोस.” पहिली गोष्ट त्यांनी कपाटातून काढली, ती म्हणजे मामांचा पाइप. दुसरी गोष्ट दाराशी पुढच्या पायांवर डोके ठेवून पडली होती. तो मोत्या, दोन वर्षांचा, गावठी, तांबूस रंगाचा. मामा गेल्यापासून त्याने धड खाल्ले नव्हते.

मोत्या आमच्याकडे आला आणि सोफ्याखाली गेला. तीन दिवस पोळी-दूध, बिस्किटे, आर्जवे, सारे व्यर्थ. चौथ्या रात्री मी सहज म्हणून मामांचा पाइप हातात घेतला. मामीने सोबत दिलेल्या डबीत थोडी तंबाखू होती. मामांना पाइप भरताना लहानपणापासून पाहिले होते. पहिला थर लहान मुलाच्या हाताने भरावा, दुसरा बाईच्या हाताने आणि तिसरा पुरुषाच्या हाताने, म्हणजे खाली सैल आणि वर घट्ट, असे ते सांगत. एकदा काडी लावायची, वर फुगून आलेली तंबाखू दट्ट्याने हलकेच दाबायची, आणि मग दुसऱ्यांदा काडी लावायची. मी हे सारे केले, ठसका लागून डोळ्यांत पाणी आणले, आणि पाहतो तो सोफ्याखालून एक तांबूस नाक बाहेर आलेले! मोत्या हळूहळू गॅलरीत आला. त्याने माझा हात हुंगला, पाइप हुंगला, एक मोठा निःश्वास टाकला आणि माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पोळी खाल्ली.

असा मी पाइप ओढू लागलो. व्यसन लागायला माणसे वाईट संगतीचे कारण सांगतात. माझी संगत इतकी सालस होती, की ते कारण मला पुढे करता येत नाही.

पाइपाचे एक बरे असते. सिगारेटीसारखे त्याला घाईत उरकता येत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी ‘ब्रायर’ नावाचे एक झुडूप होते. त्याच्या मुळाशी जी गाठ धरते तिचा हा पाइप कोरतात. ती गाठ आधी कित्येक तास उकळतात, मग महिनोन् महिने वाळवतात. फ्रान्समधले सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून याच कामासाठी नावाजलेले. ज्या वस्तूच्या घडणीतच इतका धीर मुरला आहे, ती ओढणाऱ्यालाही धीर शिकवते. भरभर ओढाल तर जीभ पोळते. विसराल तर विझतो. एक पाइप नीट ओढायचा तर पाऊण तास हवाच. त्या पाऊण तासात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मला दिसत नसे आणि मोबाइलला हात लागत नसे. मोत्या स्वप्नात मांजरांचा पाठलाग करी, आणि खरी मांजर माझ्या मांडीवर त्याच्याकडे तुच्छतेने पाहत अंग चाटीत बसे.

सौभाग्यवतीला हा प्रकार पसंत नव्हता. तिची समजूत घालण्यासाठी मी एकदा इतिहासाचा आधार घेतला. म्हटले, “अगं, ही तर आपल्या दख्खनची देणगी! पोर्तुगीजांनी तंबाखू या देशात आणली, आणि अकबराच्या दरबारात ती गेली ती विजापुराहून. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा त्याचा वकील विजापुराहून परतला, तेव्हा त्याने बादशहाला तंबाखू नजर केली. बरोबर तीन हात लांब दांडीचा, रत्ने जडवलेला पाइप! बादशहाने दोन-तीन झुरकेही घेतले.”

“आणि मग?” तिने विचारले.

“मग... त्याच्या हकिमाने त्याला थांबवले.”

“आणि पुढे?”

“पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखू ओढण्यास बंदी केली.”

“छान आहे तुमचा इतिहास,” ती म्हणाली आणि गॅलरीचे दार ओढून घेऊन आत निघून गेली. पुरावा आपल्या बाजूचा आहे की नाही, हे साक्षीदार उभा करण्याआधी पाहून घ्यावे, एवढा धडा मी त्यातून घेतला.

पण खरा हकीम पुढे भेटायचा होता.

दोन वर्षांपूर्वी मोत्याला खोकला सुरू झाला. पहाटे उठून तो असा काही खोके, की घशात काही अडकले असावे असे वाटे. आम्ही त्याला गुरांच्या नव्हे, पण आमची कन्या ज्यांना ‘मोत्याचे डॉक्टर’ म्हणते त्यांच्याकडे नेले. डॉक्टर तरुण होते, माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला, आणि लिहिता लिहिता विचारले, “सर, घरात कोणी धूम्रपान करतं का?”

सौभाग्यवती पंख्याकडे पाहू लागली.

मी म्हटले, “मी पाइप ओढतो. पण पाइपाचा धूर मी आत घेत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “तुम्ही नाही घेत, सर. पण तो घेतो ना!”

मराठीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे विरोधाभास, व्याजोक्ती आणि उपरोध शिकवतो. इतके साधे, इतके निरलंकार वाक्य मला इतके लागेल असे वाटले नव्हते.

डॉक्टर समंजस होते. खोकल्याचे मूळ वयात आहे, श्वासनलिका सैल पडली आहे, पण धुराने तो बळावतो, असे त्यांनी सांगितले. मांजरीची चौकशी करून म्हणाले, की धुरातले जे केसांवर बसते ते ती अंग चाटताना पोटात घेते. घरी येऊन मी वाचून पाहिले. मांजरांवरचा एक अमेरिकन अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान होणाऱ्या घरांतल्या मांजरांना लिंफोमा नावाचा कर्करोग होण्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. १९९८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात लांब नाकाच्या कुत्र्यांच्या नाकाच्या कर्करोगाशी घरातल्या धुराचा संबंध आढळला होता. मी मोत्याच्या नाकाकडे पाहिले. चांगले लांबलचक नाक! आणि माझ्यापुरते म्हणाल, तर अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या १९६४ सालच्या गाजलेल्या अहवालातच पाइपाचा आणि ओठाच्या कर्करोगाचा संबंध नोंदवलेला आहे. म्हणजे माझ्या जन्माआधीच माझा निकाल लागला होता. मी तो वाचला नव्हता, इतकेच.

आता यात ठरवण्यासारखे काय होते, असे वाचक म्हणतील. पाइप बंद करायचा, संपले. पण माझी अडचण निराळी होती. मोत्या माझ्या घरी जगला तो त्या धुराच्या वासावर. त्याच्या लेखी त्या वासात मामा होते. मी काडी लावली नाही, तर त्या मुक्या जिवाचे मामा दुसऱ्यांदा जाणार. आणि लावली, तर त्याला खोकला. प्रेमाचाच असा पेच पडतो तेव्हा कोणता ग्रंथ उघडावा, हे एम. ए.ला शिकवीत नाहीत.

शेवटी पाइप कपाटात गेला. पहिल्या रात्री जेवणानंतर मी खुर्चीत बसलो. मोत्या आला, माझा हात हुंगला, चपलेवर डोके ठेवले. मला बरे वाटले. पण पाच मिनिटांनी मी पाणी प्यायला उठलो. परत बसलो तो मोबाइल वाजला. तो पाहायला आत गेलो. मग दिवा राहिला, मग वर्तमानपत्र. प्रत्येक वेळी मोत्या डोके उचलून माझ्याकडे पाही. चौथ्या खेपेला तो उठला आणि सोफ्याखाली जाऊन बसला. असे आठवडाभर चालले. ‘बाबा, त्याला वास आठवतोय,’ कन्या म्हणाली. मलाही तसेच वाटत होते.

आठव्या रात्री मला ताप होता. अंग मोडून आले होते, म्हणून त्या खुर्चीत मी नुसता पडून राहिलो. ना पाणी, ना फोन, ना वर्तमानपत्र. तासाभराने खाली पाहिले. मोत्या चपलेवर हनुवटी ठेवून गाढ झोपला होता, आणि त्याचे पाय स्वप्नात धावत होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मामांच्या पायाला भिंगरी होती. ते बसत ते फक्त पाइप पेटला म्हणजे. तो वास आला, की मोत्याला कळे, आता हा माणूस पाऊण तास तरी उठत नाही. धूर ही नुसती वर्दी होती. मी बापडा वर्दीलाच सुख समजून बसलो होतो! मोत्याने सोफ्याखालचा रस्ता धरला तो पाइप विझला म्हणून नव्हे, मी बसत नव्हतो म्हणून. तंबाखू सोडणे मला जमले. पण काही न करता कोणाच्या तरी सोबतीला पाऊण तास बसणे, ते मात्र शिकावे लागले. अजूनही हात चाळवतात. फार चाळवले, की कपाटातला रिकामा पाइप काढून पोटाशी धरतो. उपमा तो पंजाने ढकलून देते.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत फटाक्यांनी आकाश-पाताळ एक केले. मोत्या आता दहा पार झाला आहे. कान थोडे मंदावले, पण भीती मंदावलेली नाही. तो थरथरत खुर्चीखाली आला आणि त्याने डोके माझ्या पावलावर ठेवले. आतून ‘फराळाला या’ म्हणून दोनदा हाक आली. तिसऱ्यांदा सौभाग्यवती स्वतःच चिवड्याची बशी घेऊन बाहेर आली, माझ्याकडे पाहिले, खाली मोत्याकडे पाहिले, आणि काही न बोलता शेजारी मोडा ओढून बसली.

रात्री दहाचा नियम फटाक्यांना ठाऊक नसावा. ते एक वाजेपर्यंत चालले होते. आम्ही कोणीच उठलो नाही.