खाटेचे माप कोण घेणार?

२२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीत पंतप्रधानांच्या हस्ते अपंगांना तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे वाटण्यात आली. लाभार्थी हजारोंच्या संख्येने होते. अशा शिबिरांना नाके मुरडण्याचे कारण नाही. सायकल मिळालेला माणूस बाजारापर्यंत एकटा जाऊ लागतो, हे थोडे नव्हे. पण सेरेब्रल पाल्सी असलेले सात-आठ वर्षांचे मूल रात्रभर ज्या खाटेवर पडून असते, तिच्याकडे शिबिराचे लक्ष कधी जाते?

अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या खाटेच्या दोन गजांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटरहून जास्त फट चालत नाही. मूल पायांकडून फटीत घसरते, धड बाहेर जाते, डोके अडकते आणि श्वास कोंडतो, म्हणून हा नियम. रुग्णालयातल्या पलंगाच्या कठड्यासाठी तिथल्याच अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली १२ सेंटिमीटरची मर्यादा सुचवली, तीही प्रौढांचे डोके गृहीत धरून. तान्ह्यांच्या खाटेत न मावणारे, पण कूसही न बदलता येणारे मूल कोणत्या मापात बसवायचे? आपल्याकडे त्याला भाड्याचा फाउलर बेड, म्हणजे रुग्णालयातला पलंग, मिळतो, नाहीतर आईची ओढणी कमरेला बांधली जाते. दोन्ही उपाय मायेचे, दोन्ही धोक्याचे.

मुलाचे माप घेऊन काम करणारेही आहेत. वाराणसीजवळच्या माधोपूरला अपंग मुलांसाठी ‘किरण’ ही संस्था आहे. मूळच्या स्वित्झर्लंडच्या संगीता ज्युडिथ केलर यांनी १९९० साली ती सुरू केली. तिथल्या कार्यशाळेत कॅलिपर आणि कृत्रिम अवयव त्या-त्या मुलाचे माप घेऊन बनतात. मूल वाढते, माप बदलते. सरकारलाही हे ठाऊक आहे: अपंगांना साधने देणाऱ्या ‘एडिप’ या सरकारी योजनेत नवे साधन तीन वर्षांनी मिळते, पण बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची ठेवली आहे. ही जाण कागदावरून खाटेपर्यंत मात्र पोचलेली नाही.

वाराणसीच कशाला, आपल्याकडची गणेश मंडळे आणि रोटरी क्लबही चाकाच्या खुर्च्या वाटतात, फोटो काढतात. त्यांना एकच विनंती. यंदा दहा खुर्च्या कमी द्या, पण एखाद्या मुलाच्या घरी सुतार आणि फिजिओथेरपिस्ट यांना एकत्र पाठवा. कठड्याच्या फटी मोजा, गादी आणि कठडा यांच्यातली पोकळी बुजवा, आणि वर्षभराने त्याच घरी पुन्हा जा.