कलेक्टर कचेरीला ओसरी हवी!

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके नव्या नावाखाली आले. आनंदच आहे. पण जिल्हा म्हटला की इमारती आल्या, आणि इमारती आल्या की प्रश्न येतो : त्या बांधायच्या कोणासाठी?

'आधुनिक' इमारतीचे एक ठरीव चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. समोर निळसर काच, बाजूला ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, वर सपाट स्लॅब. संगणकावर काढलेले हे चित्र मोठे मोहक दिसते. कारण त्यात मे महिना नसतो! धूळ नसते, वीज जात नाही, आणि काठी टेकत आलेली म्हातारी तर मुळीच नसते.

काच उन्हाला आत घेते, पण आत साठलेली उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर निवतो. मग वातानुकूलन यंत्र आणा. ते साहेबांची खोली थंड करते आणि तिथली उष्णता बाहेर फेकते. म्हणजे जिथे अर्जदार उभा असतो, नेमकी तिथे. याला आधुनिकता म्हणायचे, की आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे?

कोणी म्हणेल, "गुरुजी, पुन्हा मातीच्या घरात जायचे काय?" मुळीच नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याचा खर्च आणि घर सारवणाऱ्या बायांचे कष्ट ज्यांनी पाहिले, ते जुन्या घरांचे पोवाडे गाणार नाहीत. पण जाड भिंत, आडवा वारा, मधले अंगण आणि दारापुढची ओसरी हे शहाणपण मातीबरोबर का फेकावे? ते सिमेंट-विटांतही उतरते.

याचा दाखला आपल्याच राज्याच्या राजधानीत आहे. भोपाळचे भारत भवन 1982 साली उघडले. चार्ल्स कोरिया यांनी ते तलावाकाठच्या उतारात उतरवले. उघड्या चौकांभोवती दालने बसवली. 1996 पासून वापरात असलेले विधान भवनही त्यांचेच. त्याच्या गोल घेरातही चौक आहेत. तिकडे चंडीगडला ल कॉर्बुझिए या परदेशी वास्तुकारानेसुद्धा उन्हाला अडवायला काँक्रिटच्या खोल झडपा उभारल्या. जगातले नामवंत आपल्या उन्हाला मान देतात, आणि आम्ही मात्र थंड मुलखातली काच उसनी आणतो!

दिखाऊपणाची किंमतही आपण पाहिली आहे. उज्जैनच्या महाकाल लोकातल्या सप्तर्षींच्या फायबरच्या मूर्तींपैकी सहा, मे 2023 च्या वादळात कोसळल्या. लोकार्पणाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. आपल्या जामसावळीलाही हनुमान लोकाची योजना आली आहे. भक्तीबद्दल दुमत नाही; पण वारा मूर्तीची भव्यता पाहत नाही, बांधणीचा पक्केपणा पाहतो.

आता मुद्द्याचे. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनावणी असते. तिगाव, मोहगाव, लोधीखेड्याचा शेतकरी खसऱ्याची नक्कल घेऊन येतो आणि तासन् तास थांबतो. म्हणून कचेरीचे मोजमाप साहेबांच्या दालनापासून सुरू न करता या थांबणाऱ्या माणसापासून सुरू करा. रुंद ओसरी, बसायला ओटा, पिण्याचे पाणी, बायांसाठी स्वच्छ संडास, पायऱ्यांशेजारी उतार, आणि पाटी हिंदीबरोबर मराठीतही. ज्या इमारतीत आपल्याला उन्हात उभे राहावे लागते आणि जिची पाटी आजीला वाचता येत नाही, ती कितीही उंच असली तरी परकीच.

हे मागण्याचा मार्ग कायद्यात आहे. मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. रस्ते कुठून जातील, नाले कुठे बुजतील, मैदाने उरतील की नाही, हे तिथेच ठरते. आपण मात्र हरकत घेतो ती पानठेल्यावर, आणि तीही स्लॅब पडल्यानंतर!

मसुदा निघेल तेव्हा तो मराठीतही समजावून सांगा, अशी मागणी आपण करू. प्रत्येक गावाने एक तरी सूचना लेखी द्यावी. जिल्हा सरकारने दिला. त्याला ओसरी आपणच मागून घ्यायची आहे.